स्वस्तात मॅक्रो फोटोग्राफी: साहित्य निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एखादा साधा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आहे, त्याच्यासोबत आलेली किट लेन्स आहे, कढीपत्त्यावरच्या सुरवंटाचे केससुद्धा मोजता येतील असा फोटो काढायची हौस आहे, पण त्यासाठी पन्नास हजारांची लेन्स घ्यायची तयारी नाही, अशांसाठी हे पान. किमती वरखाली होत राहतात, म्हणून इथे नेमके आकडे न देता साधारण पातळी सांगितली आहे. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या बऱ्याच उत्तरांत ते डोकावणार आहे: मॅक्रोमध्ये पहिला मोठा खर्च उजेडावर करावा, लेन्सचा नंबर त्यानंतर.

मॅक्रो म्हणजे नेमकं किती जवळून?

वस्तू जेवढी आहे तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर पडली की ते १:१. रूढ अर्थाने मॅक्रो इथून सुरू होतं. दुकानदार आणि कंपन्या मात्र १:४ लाही बिनदिक्कत मॅक्रो म्हणतात; झूम लेन्सवर छापलेला 'मॅक्रो' हा शब्द बहुतेक वेळा तसलाच असतो.

आपली लेन्स कुठे बसते हे पाहायला शाळेतली पट्टी पुरते. लेन्स जितकी जवळ फोकस होईल तितकी करा, पट्टीचा आडवा फोटो काढा आणि चौकटीत किती मिलिमीटर दिसतात ते मोजा. एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यात २२ ते २४ मिमी दिसले तर १:१, फुल फ्रेममध्ये (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात) ३६ मिमी. बहुतेक किट लेन्सवर एपीएस-सीमध्ये ७० ते ८० मिमी दिसतात, म्हणजे साधारण ०.३ पट. फुलासाठी हे पुष्कळ आहे. मुंगीसाठी नाही.

खास मॅक्रो लेन्स न घेता जमेल का?

जमेल, आणि सुरुवात तशीच करावी. हाताशी असलेल्या लेन्सला जवळ फोकस करायला लावायचे तीन मार्ग आहेत: लेन्स आणि कॅमेरा यांच्यात पोकळ नळी घालणं, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, लेन्सच्या पुढे भिंग बसवणं, म्हणजे क्लोज-अप लेन्स, आणि लेन्सच उलटी लावणं, म्हणजे रिव्हर्स रिंग. यातलं काय घ्यायचं हे तुमच्याकडे आधीपासून कुठली लेन्स आहे त्यावर ठरतं. मित्राने काय घेतलं, यूट्यूबवर कोण काय म्हणालं, हे इथे फारसं कामाला येत नाही.

ट्यूब घेऊ की क्लोज-अप लेन्स?

लेन्स आखूड, म्हणजे कमी एमएमची असेल तर ट्यूब, लांब, म्हणजे जास्त एमएमची असेल तर क्लोज-अप लेन्स. कारण साध्या भागाकारात आहे.

ट्यूबने वाढणारं मोठेपण म्हणजे ट्यूबची लांबी भागिले लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सवर लिहिलेला एमएमचा आकडा). ५० एमएमच्या लेन्सला ३६ मिमीची ट्यूब लावली की ०.७२ पटीची भर पडते. लेन्सचं स्वतःचं ०.१५ ते ०.२ धरलं की ०.९ च्या आसपास पोचलात. तीच ट्यूब २५० एमएमच्या टेलीला लावली तर भर जेमतेम ०.१४. सगळा संच एकत्र चढवला तरी हाती फार काही लागत नाही, वर माउंटवर (लेन्स बसते त्या कड्यावर) लोंबणारं वजन.

क्लोज-अप लेन्सचं गणित उलट. १००० ला तिच्या डायॉप्टरने (भिंगाच्या +४, +८ अशा नंबराने) भागा, म्हणजे तिची फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये मिळते. +८ ची असेल तर १२५ मिमी. आता तुमच्या लेन्सच्या फोकल लेंग्थला या १२५ ने भागा. २५० एमएमवर झूम केलेल्या लेन्सला लावली की २५० भागिले १२५, म्हणजे दुप्पट! ५० एमएमला लावली तर ०.४.

म्हणून ज्यांच्याकडे ५५-२५०, ५५-२०० किंवा ७०-३०० अशी दुसरी किट लेन्स धूळ खात पडली आहे, त्यांनी ट्यूबच्या वाटेला जाऊ नये. ज्यांच्याकडे ५० एमएम एफ/१.८ आहे त्यांनी ट्यूब घ्यावी. फक्त १८-५५ असेल तर तीही ट्यूबवर चालते, पण ५५ च्या टोकाला. १८ वर ३६ मिमीची ट्यूब लावली की फोकसची जागा काचेच्या आत जाते आणि व्ह्यूफाइंडरमध्ये नुसता धुरळा दिसतो. 'ट्यूब खराब निघाली' म्हणून परत पाठवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा घोळ इथेच असतो.

तीनशे-चारशेची ट्यूब आणि दोन-अडीच हजारांची ट्यूब, फरक काय? आत तर दोन्हीकडे हवाच आहे.

हवाच आहे, काच कुठेच नाही. फरक पितळी ठिपक्यांचा. महाग ट्यूबमध्ये कॅमेरा आणि लेन्स यांना जोडणारे विद्युत संपर्क असतात, त्यामुळे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) कॅमेऱ्यावरून बदलता येतं आणि ऑटोफोकसही बऱ्यापैकी चालतो. स्वस्त ट्यूबमध्ये तो संबंध तुटतो. कॅननच्या ईएफ लेन्स मग सताड उघड्या राहतात आणि एफ/१.८ वर मुंगीची एक मिशी फोकसमध्ये, बाकी सगळा लोण्याचा गोळा.

जुनी, अ‍ॅपर्चरची रिंग असलेली लेन्स असेल तर स्वस्त ट्यूब खुशाल घ्या. निकॉनची ५० एमएम एफ/१.८डी या कामाला झकास आहे, कारण रिंग फिरवून एफ/८ लावता येतं. बाकीच्यांनी संपर्कवाली घ्यावी. केन्कोचा १२, २० आणि ३६ मिमीचा संच चांगला म्हणून ओळखला जातो. मायके, व्हिल्ट्रॉक्स अशा चिनी कंपन्यांचे त्याहून स्वस्त संचही चालतात. एकच बघा: प्लास्टिकचा माउंट नको, धातूचा हवा. जड लेन्स लटकली की प्लास्टिक झिजतं आणि लेन्स डुगडुगायला लागते.

रिव्हर्स रिंग सगळ्यात स्वस्त आहे. मग सगळेच ती का वापरत नाहीत?

कारण ती वापरणं म्हणजे थोडी कसरत आहे. पण दोनशे-तीनशे रुपयांत एवढं मोठेपण दुसऱ्या कुठल्याच मार्गाने मिळत नाही. ५० एमएम उलटी लावली की साधारण १:१, २८ एमएम उलटी लावली की दुपटीच्या आसपास, आणि १८-५५ ही १८ वर उलटी केली की तिपटीच्या पुढे. रिंग घेताना दोन गोष्टी जुळवा: कॅमेऱ्याचा माउंट, आणि लेन्सच्या फिल्टरचा व्यास. हा व्यास लेन्सच्या पुढच्या कडेवर तिरकी रेघ मारलेल्या वर्तुळाच्या खुणेपुढे लिहिलेला असतो: ४९, ५२, ५५, ५८ असा.

कसरत अशी. लेन्स उलटी झाली की कॅमेऱ्याला ती दिसत नाही, म्हणून मोड 'एम' (मॅन्युअल) वर ठेवा. काही मिररलेसमध्ये 'लेन्सशिवाय शटर सोडा' असा पर्याय मेन्यूत जाऊन चालू करावा लागतो. अ‍ॅपर्चरचं काय? कॅनन ईएफवाल्यांनी लेन्स आधी सरळ लावावी, एफ/८ ठेवावं, डेप्थ-ऑफ-फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धरावं आणि तसंच दाबलेलं असताना लेन्स काढावी. पाती एफ/८ वरच अडकून राहतात. निकॉनच्या 'जी' प्रकारच्या, म्हणजे रिंग नसलेल्या लेन्सची पाती मोकळी सोडली की मिटून जातात आणि व्ह्यूफाइंडर अंधारतो. मागचा छोटा खटका कागदाची घडी खुपसून हवा तितका उघडा ठेवावा लागतो. फोकसची रिंग इथे निरुपयोगी. कॅमेरा धरून आपणच मागेपुढे व्हायचं.

शिवाय लेन्सची मागची काच आता किड्याच्या बाजूला, उघडी. पावसात किंवा धुळीत हे मला तरी रुचत नाही.

+१, +२, +४, +१० असा चार भिंगांचा संच हजारच्या आत मिळतो. घेऊ का?

नको. एकेरी काचेची भिंगं असतात ती. मध्यभागी बरं दिसतं, कडांना जांभळ्या-हिरव्या रेषा सुटतात आणि तपशील विरघळतो. +१० तर सरळ विसरून जा. दोन काचा जोडून रंगदोष काढलेलं भिंग हवं, त्याला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात. कॅननचं ५००डी हे +२ चं आणि २५०डी हे +४ चं, असे जुने अ‍ॅक्रोमॅट सेकंडहँडमध्ये कधीमधी दिसतात. नावात 'डी' असलं तरी हे कॅमेरे नव्हेत. ऑनलाइन शोधताना हमखास गोंधळ होतो.

रेनॉक्स डीसीआर-१५० की डीसीआर-२५०?

रेनॉक्स ही जपानी कंपनी, आणि बजेटवाल्या मॅक्रोकरांत तिची ही दोन भिंगं चांगली मुरलेली आहेत. १५० हे +४.८ चं, २५० हे +८ चं. सोबत मिळणारी चिमट्याची चौकट ५२ ते ६७ मिमी व्यासाच्या कुठल्याही लेन्सवर बसते, लावायला-काढायला दोन सेकंद. ट्यूबच्या तुलनेत हा मोठा फायदा आहे, कारण भर पावसात लेन्स उघडावी लागत नाही.

२५० एमएमच्या लेन्सवर १५० लावलं तर १.२ पट मिळतं आणि किड्यापासून अंतर राहतं २० सेंमीच्या आसपास. २५० लावलं तर दुप्पट, अंतर १२ सेंमी. नवशिक्याने १५० घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. दुपटीवर हाताचा श्वासाबरोबरचा हलकासा डोलही चौकट हलवतो, आणि लोक कंटाळून सगळं कपाटात टाकून देतात. उड्या मारणारे कोळी, मावा, मुंग्या एवढ्यातच रस असेल तर मात्र २५०. चौकटीचे कोपरे काळे दिसले तर घाबरू नका, झूम पुढे न्या.

माझ्याकडे साधारण दहा हजार आहेत. कशात घालू?

निम्म्याहून जास्त फ्लॅश आणि त्याच्या रिचार्जेबल सेलवर. उरलेल्यात ट्यूब किंवा रेनॉक्स, जे तुमच्या लेन्सला जुळेल ते. डिफ्यूजर, म्हणजे फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा, घरी बनवायचा. पाच हजारच असतील तर रिव्हर्स रिंग आणि फ्लॅश. दोन हजार असतील तर ट्यूब घ्या, कॅमेऱ्याचा स्वतःचा पॉप-अप फ्लॅश उघडा आणि त्यापुढे डिफ्यूजर बांधा. यावरही थक्क करणारे फोटो निघतात.

पंचवीस-तीस हजार असले तरी मी आधी फ्लॅशच घ्यायला सांगेन.

फ्लॅशवर एवढा जोर का? उन्हात काढले तर?

१:१ वर लेन्सचा उजेड दोन स्टॉपने घटतो, म्हणजे चौथाई उरतो. लेन्सवर एफ/११ दिसत असलं तरी सेन्सरपर्यंत पोचणारा उजेड एफ/२२ चा असतो. त्यात पानं वाऱ्याने हलतात, किडा हलतो, तुम्ही हलता. १/१००० चा शटर लावायचा तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) आकाशात. तेवढा उजेड रानातल्या झाडोऱ्यात भर दुपारीही नसतो, आणि ऐन उन्हात असला तरी चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढरे चट्टे उमटतात.

फ्लॅश एकाच दमात हे सगळं मिटवतो. १/१६ ताकदीवर त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत संपतो, त्यामुळे हालचाल गोठवायचं काम शटरऐवजी फ्लॅशच करतो. सुरुवातीला मोड एम, शटर १/१६० किंवा १/२००, एफ/८ ते एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर १/१६. फोटो काळा आला तर फ्लॅश वाढवा, पांढरा आला तर कमी करा. मॅक्रोमध्ये अंतर जवळजवळ तेवढंच राहतं, म्हणून टीटीएलची (कॅमेऱ्यानेच फ्लॅशची ताकद ठरवण्याची) गरज पडत नाही आणि साधा मॅन्युअल फ्लॅश पुरतो. गोडॉक्स टीटी६०० किंवा योंगनुओ ५६० मालिकेतला कुठलाही घ्या. कॅमेरा छोटा असेल आणि वजन नको असेल तर गोडॉक्स टीटी३५०, दोन सेलवर चालणारा.

घेण्याआधी हॉट शू, म्हणजे कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच, नीट बघा. कॅननच्या १५००डी, ३०००डी, २००डी मार्क २ अशा काही स्वस्त बॉडींमध्ये मधली मोठी पिनच काढून टाकलेली आहे. त्यावर साधा मॅन्युअल फ्लॅश पेटतच नाही. तुमची बॉडी तशी असेल तर कॅननसाठीचा टीटीएल फ्लॅश दुकानात स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून, पेटवून मगच घ्या. सोनीचा हॉट शूही वेगळा असतो. टीटी६०० नको, टीटी६००एस मागा.

डिफ्यूजर घरी कसा करायचा?

उजेडाचं उगमस्थान किड्याच्या मानाने जितकं मोठं आणि जितकं जवळ, तितका उजेड मऊ. विकतचा पांढरा टोपीसारखा डिफ्यूजर फ्लॅशच्याच आकाराचा असतो, त्याने फारसं काही होत नाही. आपल्याला उजेड लेन्सच्या टोकापर्यंत आणून तिथे पसरवायचा आहे.

माझ्या फ्लॅशवर सध्या असलेला असा आहे. जाड काळ्या कार्डशीटची एक चपटी नळी, आतून स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवलेली. एक तोंड फ्लॅशच्या डोक्यावर रबरबँडने घट्ट, दुसरं तोंड लेन्सच्या टोकाच्या वर, किंचित खाली झुकलेलं आणि रुंद होत गेलेलं. त्या तोंडावर बटर पेपर. त्याच्याही पुढे, दोन-तीन सेंमी अंतर सोडून, टीव्ही किंवा मिक्सरच्या खोक्यात येतो तो पांढरा पातळ फोम कमानीसारखा वाकवून लावलेला. त्याला मधोमध लेन्सपुरतं भोक. दोन थरांमधलं ते अंतर महत्त्वाचं आहे. थर एकमेकांना चिकटले की मध्यभागी भगभगीत ठिपका राहतो आणि कडा अंधाऱ्या.

तपासायला जिवंत किडा शोधत बसू नका. स्टीलचा चमचा पालथा ठेवा आणि त्याचा फोटो काढा. चमच्यावर फ्लॅशची जी प्रतिमा दिसेल तीच उद्या भुंगेऱ्याच्या पाठीवर आणि माशीच्या डोळ्यात दिसणार आहे. छोटा, कडक कडांचा पांढरा चौकोन दिसला तर काम बाकी आहे. कडांना विरत जाणारा मोठा पांढरा पट्टा दिसला की झालं. या चमच्यापुढे दोन संध्याकाळी घालवल्या तर नव्या लेन्सने पडणार नाही एवढा फरक पडतो.

पाऊस लागला की कार्डशीटचा लगदा होतो. जूनच्या आधी बाहेरून पारदर्शक चिकटपट्टी गुंडाळून घ्या.

एलईडी रिंग लाइट चालेल का?

स्वस्त एलईडी रिंगचा उजेड फ्लॅशच्या मानाने फारच कमी, त्यामुळे हालचाल गोठत नाही. टेबलावरच्या नाण्यांना, दागिन्यांना, टपाल तिकिटांना चालेल. शिवाय किड्याच्या डोळ्यात बांगडीसारखं वर्तुळ उमटतं; कुणाला आवडतंही म्हणा.

ट्रायपॉड? फोकसिंग रेल?

घरात, टेबलावर, स्थिर वस्तूसाठी दोन्ही उपयोगी (रेल म्हणजे कॅमेरा थोडा थोडा मागेपुढे सरकवायची पट्टी). रानात हलत्या किड्यांसाठी ट्रायपॉड म्हणजे ओझं. पाय पसरून उंची जुळवेपर्यंत चतुर शेजारच्या तळ्यावर गेलेला असतो. त्याऐवजी डाव्या हाताने फांदी किंवा देठ अलगद धरा आणि त्याच हातावर लेन्सचं टोक टेकवा. आता किडा आणि कॅमेरा एकत्रच हलतात, निम्मी थरथर गेली. जमिनीलगतच्या गोष्टींसाठी तांदूळ किंवा राजमा भरलेली कापडी पिशवी. चार दिशांना सरकणाऱ्या चिनी रेलचं वजन बघूनच मी ती फक्त घरी वापरतो.

सगळा किडा फोकसमध्ये येत नाही. एफ/२२ लावू का?

लावू नका. एपीएस-सीवर १:१ ला एफ/११ ठेवलं तर स्पष्ट दिसणारा थर साधारण ०.९ मिमी जाडीचा असतो. दुपटीवर एफ/८ ला तो पाव मिलिमीटरवर येतो. हे कुठल्याही लेन्सला चुकलेलं नाही, एक लाखाच्या लेन्सलाही नाही. छिद्र फार बारीक केलं की विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे) सगळाच फोटो मऊ पडतो. १:१ वर एफ/११, दुपटीवर एफ/८, त्यापुढे एफ/५.६ इथपर्यंतच जावं.

त्यापेक्षा कोन बदला. सेन्सर किड्याच्या अंगाला समांतर धरला की त्याच पातळ थरात डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं बसतं. टाचणीचा (चतुराच्या सडपातळ भाऊबंदाचा) बाजूने काढलेला फोटो बघा आणि समोरून काढलेला बघा. समोरून काढायचाच असेल तर डोळे स्पष्ट ठेवा, बाकीचं विरलं तरी चालतं.

याउप्पर हवं असेल तर स्टॅकिंग: फोकस किंचित सरकवत पाच-दहा फोटो, मग संगणकावर एकत्र. हेलिकॉन फोकस आणि झेरीन स्टॅकर ही नावाजलेली सॉफ्टवेअर पैसे देऊन घ्यावी लागतात. पिकोले विंडोजवर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरतं. पहाटे दवात गारठून बसलेले चतुर यासाठी उत्तम, कारण ऊन वर येईपर्यंत ते हलत नाहीत.

शेवटी मॅक्रो लेन्स घ्यायचीच असेल तर कुठली?

फोकल लेंग्थ ठरवताना किड्यापासून किती अंतर मिळतं ते बघा. निकॉनची डीएक्स ४० एमएम स्वस्त आणि तीक्ष्ण आहे, पण १:१ ला लेन्सच्या टोकापासून किड्यापर्यंत अंतर राहतं जेमतेम साडेतीन सेंमी. किडा पळतो, नाही पळाला तर त्याच्यावर तुमच्याच लेन्सची सावली पडते. फुलं, अन्नपदार्थ, नाणी यांना ती छान. किड्यांसाठी ९० ते १०५ एमएम.

सेकंडहँडमध्ये टॅमरॉनची ९० एमएम एफ/२.८ शोधा, ही मालिका १९७९ पासून चालत आली आहे आणि जुन्या आवृत्त्यांचीही काच उत्कृष्ट आहे. टोकिना १०० एमएम आणि कॅननची एल (महागड्या मालिकेतली) नसलेली १०० एमएम यूएसएम हेही तितकेच भरवशाचे पर्याय. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुन्या टॅमरॉन-टोकिनावर ऑटोफोकस चालणार नाही. ते बिनघोर सोडून द्या, मॅक्रोत फोकस हातानेच होतो. याच कारणाने लाओवाच्या दुपटीपर्यंत जाणाऱ्या लेन्स आणि टीटीआर्टिझनची ४० एमएम अशा मॅन्युअल लेन्सही मिररलेसवाल्यांनी जरूर बघाव्यात.

लेन्समधल्या स्टॅबिलायझरसाठी जास्त पैसे मोजू नका. १:१ वर त्याचा उपयोग कमी होतो, आणि फ्लॅश असेल तर लागतही नाही.

सेकंडहँड कुठे बघावं आणि काय तपासावं?

मुंबईत फोर्टमधला बोरा बझार, दिल्लीत चांदनी चौकातला कूचा चौधरी ही कॅमेऱ्यांची जुनी ठाणी. शक्यतो हातात घेऊन बघा. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे पांढुरके फाटे दिसले की बुरशी. कितीही स्वस्त मिळाली तरी नको. चार-दोन धुळीचे कण असतील तर हरकत नाही, फोटोत उतरत नाहीत. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलकट चमक नको, निकॉनच्या जुन्या ५५ एमएम एफ/२.८ मायक्रो लेन्समध्ये ही तक्रार ठरलेली आहे. फोकसची रिंग दोन्ही टोकांपर्यंत एकसारखी फिरली पाहिजे. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यासाठी भाव पाडून मागा, पण त्याने फोटो बिघडत नाही.

बॉडी बदलू का?

नको. दहा वर्षांपूर्वीची एपीएस-सी बॉडीही आयएसओ २०० वर उत्तम फोटो देते, आणि फ्लॅश असल्यावर त्यापुढे जायची वेळ क्वचितच येते. बाहेर वळणारा स्क्रीन असेल तर चिखलात लोळावं लागत नाही, एवढी एक सोय.

फक्त मोबाइल आहे.

स्वस्त मोबाइलमधला २ मेगापिक्सेलचा 'मॅक्रो कॅमेरा' नावापुरता असतो. अल्ट्रावाइड कॅमेऱ्याला ऑटोफोकस असलेले फोन मात्र खरंच जवळ जातात. आयफोनची प्रो मॉडेलं १३ प्रोपासून २ सेंमीपर्यंत फोकस करतात. बाकीच्यांनी मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याने बसणारी क्लोज-अप लेन्स घ्यावी. 'अमुक एक्स' असे मोठे आकडे छापलेली नको, अंतर जास्त मिळेल ती घ्या. वर पांढरा पातळ कागद धरून ऊन मऊ करा.

फुलपाखरांसाठी काय?

यातलं बहुतेक काही नको. ब्लू मॉर्मनसारखं, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्य फुलपाखरासारखं, तळहाताएवढं फुलपाखरू चौकटीत बसवायला ०.२ पटसुद्धा पुष्कळ होतं. साधी ५५-२५० किंवा ७०-३०० घ्या, दीड मीटरवर थांबा. फार तर १२ मिमीची ट्यूब लावा, म्हणजे थोडं आणखी जवळ फोकस होतं.

काढलेल्या फोटोंचा कुणाला उपयोग होतो का?

होतो. आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर जागा-तारखेसह टाकलेल्या फोटोंवरून कुठला किडा कुठे, कधी दिसतो याची नोंद तयार होते. आणि नवं सापडायला सह्याद्रीच्या माथ्यावरच जावं लागतं असंही नाही: २०२१ साली ठाणे-कल्याण परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जातींची नोंद झाली, त्यातल्या एकीला २६/११ च्या हल्ल्यात कसाबला पकडताना हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ 'आयशियस तुकारामी' असं नाव दिलं आहे. नवी जात नुसत्या फोटोवरून ठरत नाही, त्याला नमुना आणि सूक्ष्मदर्शक लागतो. पण ओळखीला मदत व्हावी असं वाटत असेल तर एकाच कोळ्याचे वरून, समोरून आणि बाजूने असे तिन्ही फोटो काढा. डोळ्यांची मांडणी समोरून कळते, पाठीवरची नक्षी वरून.

किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, फवारा मारणं, डिंकाने चिकटवणं हे प्रकार करू नका. आणि कासच्या पठारावर दवबिंदू किंवा सीतेची आसवं ही इवली झाडं टिपायला आखलेली वाट सोडून झोपू नका. तुमच्या अंगाखाली तीच झाडं असतात.

पावसाळ्यात हे सगळं सांभाळायचं कसं?

मॅक्रोचा हंगाम आणि बुरशीचा हंगाम आपल्याकडे एकच. कोकणात आणि मुंबईत तर लेन्स कापडी बॅगेत घालून कपाटात ठेवली की दोन पावसाळ्यांत काचेवर जाळं धरतं. ड्राय कॅबिनेट (आतली हवा कोरडी ठेवणारं कपाट) उत्तम, पण नसली तरी अडत नाही: घट्ट झाकणाचा, रबर लावलेला मोठा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि ऑनलाइन दोन-तीनशे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहू द्या. भिजून आल्यावर लेन्स तशीच डब्यात कोंबू नका, कोरड्या कपड्याने पुसून पंख्याखाली तासभर ठेवा. फ्लॅशमधले सेल काढून ठेवा. सिलिका जेल नारिंगीचं हिरवं किंवा निळ्याचं गुलाबी झालं की ओलावा पिऊन भरलं असं समजा. मंद आचेवर, स्वयंपाकात न वापरायच्या जुन्या कढईत ते परतलं की पुन्हा मूळ रंगावर येतं. निळ्यात कोबाल्ट असतं, म्हणून नवं घेताना नारिंगीच मागा.